अभ्यासासाठी छोटुकला, स्वस्त लॅपटॉप घ्यावा का?

पानगळ

नमस्कार मंडळी,

नोकरी सांभाळून पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलाय. विषय इतिहास. म्हणजे वाचन, टिपणं, मग आणखी वाचन आणि शेवटी प्रबंध. घरी डेस्कटॉप आहे, पण तो सगळ्यांचा. माझ्या वाट्याला येतो तो रात्री, सगळे झोपल्यावर आणि माझेही डोळे मिटायला लागल्यावर. त्यामुळे ग्रंथालयात, प्रवासात, मधल्या सुट्टीत उघडून बसता येईल असं काहीतरी हवंय.

एक लॅपटॉप बघून ठेवलाय. ११.६ इंची पडदा, सेलेरॉन एन४०२० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी स्टोरेज. वजन किलोच्या आसपास, आत पंखा नाही त्यामुळे आवाज शून्य. किंमत नेहमीच्या लॅपटॉपच्या निम्म्याहूनही कमी. दिसायला गोंडस आहे, तेही मनात भरलंय, खोटं कशाला बोलू.

कामं अशी: पीडीएफ वाचणं (बऱ्याचशा जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या), वर्डमध्ये मराठी आणि थोडं इंग्रजी लेखन, दर आठवड्याला ऑनलाइन व्याख्यान, बाकी ब्राउझर. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही. मराठी इनस्क्रिप्ट या कळरचनेने टाइप करते.

"थांब, पैसे जमव आणि मोठा घे" हा सल्ला घरून मिळून झालाय. तो सोडून बोला. :)


शून्य_एक

घेऊ नका. ४ जीबी.


पानगळ

@शून्य_एक, जरा विस्कटून सांगाल का? विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते असं मायक्रोसॉफ्टच सांगते. या लॅपटॉपमध्ये दोन्ही बरोबर तेवढंच आहे.


शून्य_एक

"बरोबर तेवढंच" इथेच मेख आहे. किमान म्हणजे विंडोज चढेल आणि सुरू होईल. त्यावर तुम्ही काम कराल हे त्यात धरलेलं नाही.

आधी जागेचं बघू. खोक्यावरचे ६४ जीबी विंडोजमध्ये ५९ च्या आसपास दिसतात, कारण कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. त्यात विंडोज स्वतः वीस-पंचवीस जीबी खाऊन बसतं. मग ऑफिस, ब्राउझर, तुमच्या पीडीएफ. वर्षातून एकदा मोठं अपडेट येतं, त्याला तात्पुरती मोकळी जागा लागते. ती नसेल तर अपडेट अडकतं आणि तुम्ही आज हे पुसा, उद्या ते पुसा करत बसता.

रॅमचं दुखणं याहून मोठं. ४ जीबीतली निम्मी तर विंडोजच अडवतं. त्यावर ऑनलाइन व्याख्यान, बाजूला पीडीएफ, खाली वर्ड आणि ब्राउझरचे पाचसहा टॅब उघडले की रॅम संपली. संपली की विंडोज जास्तीचा माल स्टोरेजवर ठेवायला लागतं आणि लागेल तसा परत आणतं. स्टोरेज चांगली एसएसडी असती तर हे फारसं जाणवलं नसतं. ईएमएमसी म्हणजे साधारण मोबाइलमधल्या मेमरीची जात. सलग मोठी फाइल वाचायला ती ठीक असते, पण चारी बाजूंनी छोट्या छोट्या मागण्या आल्या की गुदमरते. मग टाइप केलेलं अक्षर पडद्यावर उशिरा येतं, आणि तुमचा वैताग मात्र ताबडतोब.

आणि हे दोन्ही मदरबोर्डवर डकवलेले असतात. पुढे मन बदललं तरी रॅम वाढवता येत नाही, ईएमएमसी काढून एसएसडी बसवता येत नाही. काही मॉडेलांत एम.२ ची (एसएसडी बसवायची खाच) रिकामी जागा सोडलेली असते, पण ती आहे का हे आधीच बघावं लागतं.

आकाराला माझा विरोध नाही. लहान लॅपटॉप मलाही आवडतात.


घुबड

मी याच जातीचं यंत्र वापरतो, त्यामुळे दुसरी बाजूही येऊ द्या.

शून्य_एक यांचं म्हणणं खोटं नाही, पण ते सगळं एकदम उघडणाऱ्याचं चित्र आहे. माझं यंत्र फक्त ग्रंथालयासाठी आहे. तिथे एक पीडीएफ आणि एक टिपणवही, एवढंच उघडं असतं. दिवसभर बॅटरी पुरते. पंखा नसल्यामुळे शेजारचा वळून बघत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे हळू यंत्रावर माणूस भटकत नाही. समाजमाध्यमं उघडायचाच कंटाळा येतो. हा गुण जाहिरातीत कुणी लिहीत नाही.

मात्र स्कॅन केलेल्या पीडीएफ, हे वाचून मी थबकलो. त्याचं गणित सांगतो. ए४ पान ३०० डीपीआयने स्कॅन केलं तर ते २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचं होतं. रंगीत असेल तर प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट. गुणाकार करा: एक पान साधारण २६ एमबी. फाइल दाबून दाबून छोटी केलेली असली तरी पडद्यावर दाखवताना ते पान आधी पूर्ण उलगडावं लागतं. म्हणून "फाइल तर फक्त ४० एमबीची आहे, मग अडकते का?" याचं उत्तर फाइलच्या आकारात नसतं. भराभर पानं उलटलीत की प्रोसेसर प्रत्येक पान उलगडत बसतो.

यावर उतारा आहे. ब्राउझरमध्ये किंवा अॅक्रोबॅटमध्ये पीडीएफ उघडू नका, सुमात्रा पीडीएफसारखं हलकं वाचक घ्या. फरक डोळ्यांना दिसतो. जमलं तर घरच्या डेस्कटॉपवर स्कॅन कृष्णधवल करून ठेवा. जुन्या पुस्तकांच्या पिवळ्या पानांचा रंग टिपणं काढायला लागत नाही.

पण व्याख्यान ऐकत असतानाच वर्डमध्ये लिहायचं असेल तर मीही नकोच म्हणेन.


कागदी_होडी

अवांतर: या धाग्यामुळे ई पीसी आठवला. २००७ मध्ये असूसने काढलेला. ७ इंची पडदा, ८०० गुणिले ४८० रिझोल्यूशन, ४ जीबी स्टोरेज आणि त्यात विंडोजऐवजी लिनक्स! पडद्याच्या दोन्ही बाजूंना स्पीकर, त्यामुळे खिडकीपेक्षा चौकटच मोठी. पुढच्या वर्षी इंटेलचा अॅटम हा छोट्या यंत्रांसाठीचा प्रोसेसर आला आणि जो तो नेटबुक, म्हणजे असे छोटे स्वस्त लॅपटॉप, काढायला लागला. लोकांना त्यावर विंडोज हवं होतं आणि व्हिस्टा तर त्या जिवाला झेपणारं नव्हतं, म्हणून मायक्रोसॉफ्टने निवृत्तीला आलेलं एक्सपी खास या यंत्रांसाठी पुढे चालू ठेवलं. नंतर विंडोज ७ ची स्टार्टर आवृत्ती आली. तिच्यात डेस्कटॉपचं चित्रसुद्धा बदलता यायचं नाही! मग २०१० ला आयपॅड आला आणि २०१३ उजाडेपर्यंत नेटबुकचा बाजार उठला.

थोडक्यात, छोट्या यंत्रावर मोठ्या यंत्राची कामं करायची हौस जुनीच आहे. चालू द्या.


मोजपट्टी

रॅमवर बरीच चर्चा झाली. पडद्याचं कुणी बोलतच नाहीये, आणि वाचणाऱ्याला खरा पडदा महत्त्वाचा.

११.६ इंच हा कर्ण झाला. १६:९ च्या पडद्यात रुंदी २५.७ सेंटीमीटर येते आणि उंची १४.४. तुमचं ए४ पान २१ रुंद आणि २९.७ उंच. म्हणजे रुंदीत पान आरामात बसतं, पण उंचीत निम्मंही मावत नाही. त्यातून खालचा टास्कबार, वरची वर्डची रिबन, टायटलची पट्टी वजा करा. प्रत्यक्ष लिहायला दहा-अकरा सेंटीमीटर उरतात. पानाचा एक तृतीयांश.

घरी करून बघा. कागद २५.७ गुणिले १४.४ सेंटीमीटरचा कापा आणि एखाद्या पुस्तकावर ठेवा. झाकला गेलेला मजकूर तेवढाच एका वेळी दिसेल. तेवढ्यात वाचणं सोसवत असेल तर बिनधास्त घ्या.

गंमत म्हणजे १०.५ इंची पडदा ३:२ प्रमाणात असेल तर त्याची उंची १४.८ सेंटीमीटर येते. कर्ण कमी, उंची जास्त! त्यामुळे नुसत्या इंचांवर जाऊ नका, प्रमाण विचारा. स्वस्तातल्या बहुतेक यंत्रांत १६:९ आणि १३६६ गुणिले ७६८ चं टीएन (स्वस्त प्रकारचं) पॅनेल असतं. जरा तिरकं बघितलं की रंग उडाले. मांडीवर ठेवून वाचताना हे फार जाणवतं.

कुठलाही घेतलात तरी दोन सवयी लावा: वर्डमध्ये कंट्रोल आणि एफ१ दाबून रिबन मिटवा, टास्कबार आपोआप लपेल असा ठेवा. दोन-तीन ओळी परत मिळतात.


अर्धविराम

पानगळताई, तुम्ही इनस्क्रिप्टवाल्या आहात, म्हणून मुद्दाम लिहितेय.

लहान लॅपटॉपमध्ये कीबोर्ड आक्रसतो तो उजवीकडून. अक्षरांच्या कळा जेमतेम नेहमीच्या मापाच्या ठेवतात आणि विरामचिन्हांच्या कळा चिमटीएवढ्या करतात. इंग्रजी टाइप करणाऱ्याचं काही बिघडत नाही, त्याला अर्धविराम लागतोच किती! (माझ्या नावाकडे दुर्लक्ष करा.) पण इनस्क्रिप्टमध्ये त्याच कळांवर आपली रोजची व्यंजनं बसलीयेत. अर्धविरामाच्या कळीवर च, तिच्या शेजारी ट, चौकटी कंसाच्या कळीवर ड, आणि तिरक्या रेघेच्या कळीवर य. शिफ्ट धरलं की छ, ठ, ढ.

आता "चेहऱ्यावरचा ताण वाढायचा" एवढंच टाइप करून बघा. उजव्या करंगळीची किती धावपळ होते ते कळेल. त्यात य ची कळ उजव्या शिफ्टला खेटून असते आणि बऱ्याच छोट्या यंत्रांत तिथेच वरचा बाण घुसवलेला असतो. य मारायला जावं आणि कर्सर वरच्या ओळीत पळावा. प्रबंध लिहायचाय तुम्हाला!

म्हणून फोटो बघून ठरवू नका. समोर ठेवलेल्या यंत्रावर दहा मिनिटं मराठी टाइप करा. नेहमीच्या कीबोर्डात एका कळीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १९ मिलिमीटर अंतर असतं. च, ट, ड, य यांच्यापाशी ते मोजा. पट्टी घेऊन गेलात तर विक्रेता हसेल. हसू दे.


पानगळ

अर्धविराम, हे डोक्यातच आलं नव्हतं. मी फक्त लॅपटॉपचा रंग बघत होते. :(

मोजपट्टी, कागद कापला. वाचन जमेल. पण डावीकडे स्कॅन आणि उजवीकडे वर्ड असं लावायचं म्हटलं तर अवघड आहे.


पेंग्विन

विंडोज काढून टाका आणि लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घाला. सुरू झाल्यावर विंडोजच्या निम्मीसुद्धा रॅम खात नाही. वर्डच्या जागी लिबर ऑफिस फुकट, संदर्भ सांभाळणारं झोटेरो चालतं, इनस्क्रिप्ट आहेच. ४ जीबीत सुखाने राहाल.


शून्य_एक

आले पेंग्विन! अजून कसे उगवले नाहीत, हाच विचार करत होतो.

ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल लिनक्सवरही तेवढीच रॅम मागतात हो. हलकी झाली ती खालची जमीन, वरचं ओझं तेच. आणि पानगळ, तुमच्या विद्यापीठाच्या परीक्षा ऑनलाइन असतील तर आधी त्यांचं सॉफ्टवेअर कशावर चालतं ते विचारा. उदाहरणार्थ सेफ एक्झाम ब्राउझर विंडोज, मॅक आणि आयपॅडवर चालतो. लिनक्सवर नाही, क्रोमबुकवरही (गूगलच्या क्रोमओएसवर चालणारे लॅपटॉप) नाही.


पेंग्विन

मान्य. पण परीक्षा वर्षातून एक-दोनदा, तीही घरच्या डेस्कटॉपवर देता येईल की.

आणखी एक, कुणी फुकटात जुनं अॅटमवालं यंत्र देत असेल तर जपून. २०१३-१४ च्या सुमाराच्या बे ट्रेल यंत्रांत प्रोसेसर ६४ बिटचा आणि फर्मवेअर (यंत्र सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) ३२ बिटचं असा तिरपागडा प्रकार आहे. नेहमीचा लिनक्सचा पेनड्राइव्ह त्यावर सुरूच होत नाही.


रानवाट

क्रोमबुकचं नाव निघालंच आहे तर: ४ जीबीत क्रोमबुक विंडोजपेक्षा बरं चालतं, यात वाद नाही. पण प्रत्येक मॉडेलची अपडेट बंद होण्याची तारीख ठरलेली असते. २०२१ पासूनच्या मॉडेलांना गूगलने दहा वर्षं कबूल केलीयेत, आणि ती मोजायची मॉडेल बाजारात आल्यापासून, तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे. स्वस्तात मिळतंय म्हटलं की आधी ती तारीख बघायची.

वर्ड मात्र ब्राउझरमधलं वापरावं लागेल. प्रबंधाच्या तळटिपा त्यात सांभाळायच्या म्हणजे परीक्षा आहे.


जुनं_यंत्र

सगळे नव्यावरच का अडलेत? त्याच पैशात वापरलेला, तपासून विकलेला ऑफिसातला लॅपटॉप मिळतो. कंपन्या तीन-चार वर्षांनी सगळे एकदम बदलतात आणि चांगला माल बाहेर पडतो.

तुम्हाला लहान हवाय ना? मग १२.५ इंची बघा. थिंकपॅड एक्स२८०, लॅटिट्यूड ७२९०, ही त्यातली नावं. वजन सव्वा किलोच्या आसपास. कीबोर्ड दिवसभर टाइप करणाऱ्यांसाठी बनवलेले असतात, तुमचे च, ट, ड तिथे सुखरूप. आत खरी एसएसडी, ८ जीबी रॅम सहज. एक्स२८० मध्ये रॅम बोर्डावर पक्की असते, ७२९० मध्ये खाच असते, म्हणजे पुढे वाढवता येते.

सापळा एकच आहे, पण मोठा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रं ढिगाने विकायला काढलीयेत. दिसायला तशीच, नावं जवळपास तीच. एक्स२७० आणि एक्स२८० शेजारी ठेवले तर पटकन फरक कळणार नाही, पण विंडोज ११ च्या अटीत पहिला बसत नाही आणि दुसरा बसतो. प्रोसेसरच्या नावात आय५ नंतर येणारा आकडा ८ ने सुरू होतोय का बघा: आय५-८२५०यू, ८३५०यू वगैरे. "आय५ आहे, विंडोज ११ टाकून देतो" एवढ्यावर विश्वास ठेवू नका. आडमार्गाने ते कशावरही टाकता येतं, पुढच्या अपडेटची हमी मात्र कुणी देत नाही.

बॅटरी तपासायला विंडोजमध्येच रिपोर्ट काढता येतो. त्यात दोन आकडे असतात: कारखान्यातून निघाली तेव्हाची क्षमता आणि आज पूर्ण चार्ज झाल्यावरची. दुसऱ्याला पहिल्याने भागा. सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरी बदलण्याचा खर्च धरूनच भाव करा.


घुबड

जुनं_यंत्र यांना +१. एवढंच की यात पंखा असतो. ग्रंथालयात कधीमधी घोंगावेल.


पानगळ

बाप रे, सकाळी धागा उघडला तर हा पूर! सगळ्यांचे आभार.

मधल्या मार्गाचं विचारते. त्याच आकारात नवीनच, पण एन१०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेले दिसतायत. थोडे महाग आहेत, पण आवाक्यातले. ते कसे?


शून्य_एक

तो प्रश्नच वेगळा होतो. एन४०२० हा २०१९ चा, दोन कोअरचा. एन१०० हा २०२३ चा, चार कोअरचा, आणि वीज दोघांचीही ६ वॉटच्या घरातली. शिवाय एन१०० मध्ये एव्ही१ या नव्या पद्धतीने दाबलेले व्हिडिओ उलगडायची सोय चिपमध्येच आहे. व्याख्यानांची रेकॉर्डिंग यूट्यूबवर असतील तर याचा फायदा होईल. तुमच्या कामांना एन१०० आणि ८ जीबी पुरेल.

फक्त दोन गोष्टी. एक, खोक्यावर एसएसडी लिहिलंय आणि आत ईएमएमसी, असे प्रकार असतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कचं नाव बघा. दोन, विंडोज एस मोडमध्ये असेल तर फक्त स्टोअरमधलीच अॅप चालतात. त्यातून फुकट बाहेर पडता येतं, परत आत मात्र जाता येत नाही, आणि त्याची तुम्हाला गरजही पडणार नाही.


अर्धविराम

आणि कीबोर्ड!!


पानगळ

अहो हो, पट्टी पर्समध्येच आहे आता.

काल दोन्ही बघून आले. एन१०० वालं वजनाला फारच छान, पण ट ची कळ १४ मिलिमीटर आणि य च्या शेजारी बाण, अर्धविराम म्हणाल्या अगदी तसाच. "विद्यापीठाच्या" टाइप करताना कर्सर हातोहात पळून गेला. दुसरं, वापरलेलं १२.५ इंची लॅटिट्यूड ७२९०, आय५-८३५०यू, ८ जीबी, २५६ जीबी एसएसडी. कळा मस्त. पडदा ७६८ वालाच आहे, जरा फिका, पण एचडीएमआय असल्यामुळे घरी डेस्कटॉपचा मॉनिटर जोडता येईल. परीक्षेचंही विचारलं, त्यांना विंडोज लागतं.

म्हणजे ११.६ बाद. या दुसऱ्याचा बॅटरी रिपोर्ट काढून घेतला: आधीची क्षमता ६०,००० आणि आत्ताची ४७,८००. हे ठीक आहे का?


जुनं_यंत्र

ऐंशी टक्के. घेऊन टाका. चार्जर मूळ कंपनीचा आहे ना बघा, आणि बिलावर वॉरंटीची मुदत लिहून घ्या, तोंडी नको.


पेंग्विन

आणि कधी विंडोजचा कंटाळा आला तर ७२९० वर मिंट झकास चालतं. सांगून ठेवतो.


शून्य_एक

पेंग्विन, झोपा आता.